इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स (ग्वाल्हेर)

इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स म्हणजे संस्थानिकांनी आपल्या खर्चानं पाळलेली, पण इंग्रज सरकारला गरज पडेल तेव्हा सांगेल तिथे लढायला धाडायची फौज. 1889 ला योजना सुरू झाली, पहिल्या महायुद्धानंतर तिचं नाव इंडियन स्टेट्स फोर्सेस झालं, आणि स्वातंत्र्यानंतर या पलटणी भारतीय सैन्यात मिसळल्या. आमच्या ग्वाल्हेरात जुनी माणसं सरळ 'महाराजांची फौज' म्हणायची, आणि गोची तिथेच आहे, कारण फौज महाराजांची, भाकरी महाराजांची, अन् भांडण तिसऱ्याचंच.

ग्वाल्हेरची फौजेशी नाळ किती जुनी आहे ते नावांवरूनच कळतं. मराठी घरं जास्त आहेत त्या भागाचं नावच मुळी लष्कर. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ टाकला, तंबूंच्या जागी घरं झाली, घरांचा बाजार झाला, पण नाव काही सुटलं नाही. कंपू आज एक मोहल्ला आहे, टेम्पोवाला 'कंपू कंपू' ओरडत सवारी भरतो, पण महादजींच्या वेळी कंपू म्हणजे द बॉय नावाच्या युरोपियन सेनानीनं कवायत शिकवून उभी केलेली तोफखान्यासकट अख्खी ब्रिगेड. त्या फौजेनं दिल्ली हलवली. मग 1803 ला इंग्रजांशी हार, 1843 ला महाराजपूर आणि पनिआरला एकाच दिवशी दोन लढायांत हार, पुढे तहात फौज छाटली, आणि 1858 नंतर तर खुद्द किल्ल्यावर गोरी पलटण बसली, ती हलली 1886 ला. म्हणजे ज्यांनी फौज मोडली त्यांनीच किल्ला परत देऊन तीन वर्षांत सांगितलं की आता फौज ठेवा, फक्त आमच्यासाठी.

याला कारण होतं रशिया. 1885 ला अफगाण सरहद्दीवर पंजदेहला रशियन सैन्य पुढे सरकलं, लढाई पेटतेय असं वाटलं, तेव्हा संस्थानिकांनी मदत देऊ केली आणि व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनच्या डोक्यात हिशोब बसला: पगार संस्थान देईल, तपासणीला आपला गोरा अधिकारी फिरेल. फुकटात सैन्य! 1914 पर्यंत सगळ्या संस्थानांची मिळून अशी सुमारे 22 हजार माणसं तयार होती. ग्वाल्हेरकडे रिसाले म्हणजे घोडदळ, पायदळ आणि खेचरं-गाड्यांची ट्रान्सपोर्ट कोर होती. इंदूरच्या होळकरांकडेही ट्रान्सपोर्ट होती. ग्वाल्हेरची ट्रान्सपोर्ट वायव्य सरहद्दीवरच्या चित्राल (1895) आणि तिराहच्या (1897) मोहिमांत रसद ओढून आली. माधवराव शिंदे महाराज तर बॉक्सर बंडाच्या वेळी स्वतः चीनला गेले, आणि जखमींसाठी हॉस्पिटल जहाजही आपल्या पैशानं दिलं. राजनिष्ठा एवढी की पुढे मुलीचं नाव मेरी आणि मुलाचं जॉर्ज, इंग्लंडच्या राणी-राजाच्या नावावरून. आपण त्यांना कमलाराजे आणि जिवाजीराव म्हणून ओळखतो.

पहिलं महायुद्ध का झालं याची उत्तरं पुस्तकात भरपूर आहेत, साराजेव्होतला खून, एकमेकांना बांधलेले करार, आरमाराची चढाओढ, वसाहतींची भूक. पण 4 ऑगस्ट 1914 ला इंग्लंड युद्धात उतरलं तेव्हा हिंदुस्थान आपोआपच उतरला, इथल्या कुणाला विचारलं नाही, आणि लष्करातल्या शिपायाचं जर्मनीशी काय वाकडं होतं हा प्रश्न त्या पुस्तकांत सहसा येतच नाही. नोव्हेंबर 1914 ला जर्मन पूर्व आफ्रिकेतलं टांगा बंदर घ्यायला जी फौज गेली तिच्यात काश्मीरच्या जोडीला ग्वाल्हेर इन्फन्ट्रीची अर्धी पलटण होती. सुमारे 8 हजार माणसं गेली, समोर जेमतेम हजार, तरीही मोहीम सपशेल फसली, आठशेच्या वर माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. आग्यामोहोळ उठून मधमाश्यांनी सैनिकांना फोडून काढलं ते याच लढाईत, आणि इंग्रजीत टांग्याची आठवण निघाली की लोकांना मधमाश्याच आठवतात, माणसं नाही. ग्वाल्हेरची 4 नंबरची पलटण इजिप्तला गेली, सुएझ कालव्यावर राहिली, पुढे अलवर आणि पतियाळाच्या पलटणींबरोबर पॅलेस्टाइनच्या मोहिमेत, समोर तुर्क. आता तुर्कांचा सुलतान म्हणजे खलिफा, आणि हिंदुस्थानी सैन्यात मुसलमान शिपाई हजारोंनी, त्यांच्या मनाचं काय झालं असेल याचा विचार करा. 1915 ला सिंगापूरला एका पलटणीनं बंडच केलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

इथे नैतिक प्रश्न येतो आणि तो वाटतो तेवढा सोपा नाही. भाडोत्री म्हणावं तर शिपाई बादशहाच्या नोकरीत नव्हताच, त्यानं मीठ खाल्लं होतं शिंद्यांचं, आणि खाल्ल्या मिठाला जागणं ही आपल्याकडे शिवी नाही, शाबासकी आहे. पण धन्यानंच जर दुसऱ्याचं मीठ खाल्लं असेल तर? मला तरी वाटतं दोष द्यायचाच तर सही करणाऱ्याला द्या, बंदूक उचलणाऱ्याला नको. शिवाय तेव्हाचे पुढारीही एका सुरात नव्हते. गांधीजी 1918 ला गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याच्या गावागावात रंगरूट भरतीसाठी पायी फिरले, अहिंसा सांगणारा माणूस, आणि लोकांनी त्यांना चांगलंच सुनावलं. टिळकांचं म्हणणं व्यवहारी होतं, माणसं देतो पण स्वराज्याचं बोला, आपल्या पोरांना अधिकारी करा. जून 1918 ला मुंबईच्या युद्ध परिषदेत ते हे बोलायला लागले तर गव्हर्नर विलिंग्डननं मध्येच थांबवलं, टिळक सभा सोडून निघाले.

महारांची गोष्ट तर अजून कडू आहे, आणि ती इंदूरच्या अगदी शेजारची. महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ होते, तिथेच 1891 ला बाबासाहेबांचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ डोक्यात घेऊन महारांची भरती बंद केली. 1917 ला माणसं कमी पडली तेव्हा महार चालले, 111 नंबरची महार पलटण उभी केली, आणि लढाई संपल्यावर 1921 ला मोडून टाकली. 1941 ला परत गरज, परत महार रेजिमेंट. गरजेपुरती जात पुसायची आणि गरज सरली की परत लिहायची.

ग्वाल्हेरचं मोठं योगदान म्हणून लॉयल्टी जहाजाचं नाव घेतात. एम्प्रेस ऑफ इंडिया नावाची 1891 पासून पॅसिफिकमध्ये फिरणारी कॅनेडियन आगबोट माधवरावांनी युद्धाच्या सुरुवातीला घेतली, हॉस्पिटल जहाज केलं आणि नाव ठेवलं लॉयल्टी, म्हणजे राजनिष्ठा. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी जहाज विकत घेतलं आणि कंपनीला नाव दिलं शिंद्यांचंच, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 ला हेच लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं, गोऱ्या जहाज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून, म्हणून 5 एप्रिल आपला राष्ट्रीय नौवहन दिवस. दुसऱ्या दिवशी रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ, आणि आठ दिवसांनी जालियनवाला बाग. राजनिष्ठेचं बक्षीस म्हणून ज्या सुधारणांची वाट बघत होते त्यांच्या आधी गोळ्या आल्या. जहाज मात्र फार चाललं नाही, 1923 ला मुंबईतच मोडीत काढलं.

दुसऱ्या महायुद्धातही 1939 ला व्हाइसरॉयनं परस्पर जाहीर करून टाकलं की हिंदुस्थान लढतोय. ग्वाल्हेर लान्सर्स ब्रह्मदेशातल्या अराकानात जपान्यांसमोर होते. बडोद्याच्या नावाची रॉयल एअर फोर्समध्ये 124 नंबरची स्क्वाड्रन होती. पण या वेळी संस्थानिकही सगळे एकसारखे राहिले नाहीत, इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी 1942 ला थेट अमेरिकेच्या रूझवेल्टना उघडं पत्र लिहिलं की हिंदुस्थान आणि इंग्लंडमध्ये तुम्ही मध्यस्थी करा, आणि इंग्रज चांगलेच चिडले. शिपायानं इमान कुणाशी ठेवायचं हा शपथेचा प्रश्न आता उघड कोर्टातच आला, 1945 ला लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या तीन अधिकाऱ्यांवर खटला चालला. त्यातले ढिल्लों पुढे आमच्या शिवपुरीजवळ हातोदला शेती करत राहिले, 2006 ला वारले. आणि युद्धानंतर हत्यारं किती सहज फिरत होती याचा सगळ्यात काळा दाखला याच शहरात आहे, गांधीजींवर झाडलेलं इटालियन बनावटीचं बेरेटा पिस्तूल दोन दिवस आधी ग्वाल्हेरातूनच मिळवलं होतं. लष्करातली कित्येक मराठी घरं हा विषय निघाला की अजून गप्प होतात.

पहिल्या युद्धात हिंदुस्थानातून 13 लाखांच्या आसपास माणसं गेली, 74 हजार परतली नाहीत. दिल्लीच्या इंडिया गेटवर 13 हजारांच्या वर नावं कोरलेली आहेत. दिल्लीतलंच तीन मूर्तीचं स्मारक हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूरच्या रिसाल्यांचं आहे, ग्वाल्हेरचा पुतळा तिथे नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं आणि हिंदुस्थानी शिपायांचे बहुतेक ठिकाणी फक्त आकडे असा प्रकार होता. 2021 ला कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगानं स्वतःच कबूल केलं की आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या निदान 1 लाख 16 हजार मृतांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत, आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि माफी मागितली. टांगा याच आफ्रिकेत येतं.

संस्थान विलीन झाल्यावर ग्वाल्हेरची पलटण कुमाऊं रेजिमेंटची 14 कुमाऊं (ग्वाल्हेर) झाली, इंदूरची 15 कुमाऊं (इंदूर). ग्वाल्हेरवाली 1979 ला मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीत, म्हणजे चिलखती गाड्यांतल्या पायदळात गेली. घरी पणजोबांचं मेडल असेल तर नाणं पाहू नका, कडा पाहा, तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्यांना चांदीचं मिळालं, मजुरी करणाऱ्या कित्येक तुकड्यांना ब्राँझचं. आमच्या गल्लीत एका घरात चांदीचं होतं, आजींनी मुलीच्या लग्नात सोनाराला घालून जोडवी केली.