एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनॅझेपाम: एकाच चिठ्ठीवरच्या दोन गोळ्या

नैराश्य किंवा सततची धास्ती घेऊन माणूस पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, तेव्हा चिठ्ठीवर पुष्कळदा दोन नावं असतात. सकाळी नाश्त्यानंतर एस्सिटॅलोप्राम, ५ किंवा १० मिलिग्रॅम. रात्री झोपताना क्लोनॅझेपाम, ०.२५ किंवा ०.५. घरी दोन्ही एकाच डब्यात पडतात आणि दोन्हींना एकच नाव मिळतं: झोपेच्या गोळ्या. मेडिकलच्या काउंटरवर मी हे रोज ऐकतो आणि त्याचा परिणामही पाहतो. महिना-दीड महिन्यात चिठ्ठी जुनी होते, डॉक्टरांकडे परत जाणं राहून जातं, आणि गिऱ्हाईक येऊन सांगतं, "ती सकाळची नको, सवय लागते म्हणतात. रात्रीची ती छोटी तेवढी द्या." म्हणजे जी चालू ठेवायची तीच बंद होते आणि जी थांबवायची ती चालू राहते. सवयीची भीती खरी आहे, पण ती भलत्याच गोळीवर जाऊन बसली आहे.

आधी क्लोनॅझेपाम, कारण तिचं काम लगेच कळतं. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, त्याचं काम मेंदूची खळबळ शांत करणं. क्लोनॅझेपाम त्याचा जोर वाढवतं. हे औषध मुळात फिटवरचं. अमेरिकेत १९७५ साली त्याला मान्यता मिळाली तीही त्यासाठीच. गोळी घेतल्यावर तासाभरात छातीतली धडधड उतरते, डोळे जड होतात. एका गोळीतलं निम्मं औषध शरीरातून जायला साधारण ३० ते ४० तास लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुस्ती रेंगाळते आणि रोजची गोळी आदल्या दिवशीच्या उरलेल्या औषधावर चढत जाते.

एस्सिटॅलोप्रामचं काम असं दिसत नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन सोडतात आणि निरोप पोचला की ते परत शोषून घेतात. एस्सिटॅलोप्राम हे शोषणं अडवतं. ही अडवणूक पहिल्या गोळीपासून सुरू होते, तरीही मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे जातात आणि पुरता परिणाम दिसायला सहा ते आठ. सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य आलं आणि गोळीने ते भरून काढलं, इतका सरळ हिशेब नाही. वाढलेल्या सेरोटोनिनशी पेशी हळूहळू जुळवून घेतात, त्या जुळवून घेण्याला वेळ लागतो, असं मानलं जातं.

आणि या वेळेतच घोटाळा होतो. एस्सिटॅलोप्रामचा पहिला आठवडा बऱ्याच जणांना त्रासाचा जातो. मळमळ, डोकं दुखणं, पोट बिघडणं, घाम, झोप उडणं. धास्तीसाठी औषध घेणाऱ्याला तर सुरुवातीला धास्ती वाढल्यासारखी वाटते. हे डॉक्टरांना माहीत असतं, म्हणून मधले दिवस निभावून न्यायला ते क्लोनॅझेपाम जोडीला देतात. रुग्णाला मात्र चित्र उलटं दिसतं: सकाळच्या गोळीने मळमळतं, रात्रीच्या गोळीने बरं वाटतं. मग त्याने सकाळची टाकून दिली तर त्याला दोष कसा द्यायचा? हा हिशेब त्याला कोणी समजावून सांगितलेलाच नसतो. मळमळ बहुधा आठ-पंधरा दिवसांत जाते. गोळी पोटभर खाऊन घेतली तर कमी होते. सकाळच्या गोळीने पेंग येत असेल तर ती रात्री घेता येते, झोप उडत असेल तर सकाळी. डॉक्टरांना फोन करून वेळ बदलून घ्यावी.

आकड्यांचाही एक गैरसमज आहे. ०.५ आणि १० शेजारी लिहिलेले पाहून लोक विचारतात, "दहाची हेवी आणि अर्ध्याची साधी ना?" दोन वेगळ्या औषधांचे मिलिग्रॅम एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. एस्सिटॅलोप्रामचे १० मिलिग्रॅम हा प्रौढांचा नेहमीचा डोस आहे, तो २० पर्यंत जातो. क्लोनॅझेपामची अर्धी मिलिग्रॅम माणसाला गुंगी आणायला पुरते.

आता सवयीबद्दल, कारण खरं भांडण तिथेच आहे. क्लोनॅझेपाम रोज घेत राहिलं तर काही आठवड्यांत शरीर त्याला सरावतं. पूर्वी पाव गोळीने येणारी झोप अर्ध्या गोळीशिवाय येत नाही, मग एक लागते. गोळी संपत आली की जीव कासावीस होतो. अचानक बंद केली तर हात थरथरतात, झोप पार उडते, धास्ती आधीपेक्षा दुप्पट होऊन येते, आणि ज्यांना आयुष्यात कधी फिट आली नाही त्यांनाही फिट येऊ शकते. म्हणून धास्ती आणि झोपेसाठी हे औषध साधारण दोन ते चार आठवड्यांपुरतंच असावं असा संकेत आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये क्लोनॅझेपाम ज्यात मोडतं त्या बेन्झोडायझेपिन गटातल्या सगळ्या औषधांवर सवय आणि अवलंबित्वाचा ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला.

एस्सिटॅलोप्रामची गोष्ट वेगळी आहे. त्याची तलफ येत नाही, तोच परिणाम मिळवायला डोस वाढवत न्यावा लागत नाही, नशा तर होतच नाही. पण म्हणून ते एका दिवसात सोडून द्यायचं औषध नव्हे. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली की दोन-चार दिवसांत गरगरतं, चिडचिड होते, विचित्र स्वप्नं पडतात, डोकं वळवलं की आत विजेचा झटका बसल्यासारखं होतं. हा झटक्याचा अनुभव अनेक जण घाबरत घाबरत सांगतात. हा त्रास शरीर अचानकच्या बदलाला बिचकल्यामुळे होतो. डोस टप्प्याटप्प्याने उतरवला की बहुतेकांना तो सोसवतो. काहींना मात्र फार सावकाश उतरावं लागतं, काही महिनेसुद्धा. नैराश्यावरच्या इतर औषधांपैकी पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन सोडताना हा त्रास जास्त होतो, फ्लुओक्सेटीन शरीरात बरेच दिवस टिकून राहत असल्याने कमी.

हा त्रास म्हणजे आजार परत आला, असं समजून लोक हबकतात. फरक बराचसा वेळेवरून ओळखता येतो. गोळी सोडल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो आणि त्यात गरगरणं, झटके अशा पूर्वी कधी नसलेल्या तक्रारी असतात. आजार परततो तो हळूहळू, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि जुन्याच ओळखीच्या वाटेने: पहाटे जाग, कशात मन न लागणं, रडू.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एकाच गोळीत दोन्ही औषधं असलेल्या पाकिटाची. आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास मिळते, बऱ्याचदा नेहमीच्या नावापुढे 'प्लस'सारखं काहीतरी जोडलेलं असतं. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम आणि खाली क्लोनॅझेपाम ०.५ मिलिग्रॅम अशा दोन ओळी असतील तर ती जोडगोळी. आणखी एक खूण आहे. नुसत्या एस्सिटॅलोप्रामवर 'आरएक्स' असतं. क्लोनॅझेपाम अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतलं असल्याने, ते ज्यात आहे त्या पाकिटावर लाल अक्षरांत 'एनआरएक्स' छापावं लागतं. एवढा एक 'एन' पाहिला तरी कळतं.

या जोडगोळीत सोय आहे हे मान्य, रोज एकच गोळी लक्षात ठेवायची. पण दोन औषधांची मुदत वेगळी. एस्सिटॅलोप्राम बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायचं असतं, आजार पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांनी दोन वर्षं किंवा अधिक. क्लोनॅझेपाम काही आठवड्यांत उतरवायचं. एकाच गोळीत असल्यावर एकाला ठेवून दुसऱ्याला कमी कसं करणार? जो माणूस दोन वर्षं 'नैराश्याची एकच गोळी' घेतो आहे, तो नकळत दोन वर्षं क्लोनॅझेपाम घेतो आहे. आणि गावाला जाताना पाकीट विसरून चार दिवस चुकले, तर त्याची दोन्ही औषधं एकदम तुटतात. तुमची गोळी अशी असेल तर पुढच्या भेटीत पाकीटच डॉक्टरांसमोर ठेवा आणि दोन्ही औषधं सुटी लिहून मागा. मागायला संकोच नको, हे रास्त मागणं आहे.

वर्षानुवर्षं क्लोनॅझेपाम घेणाऱ्या कोणी हे वाचून आज रात्रीची गोळी टाकून देऊ नये. ते उतरवणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडं थोडं करत, आठवडे-महिने घेऊन व्हायला हवं. फिटसाठी क्लोनॅझेपाम चालू असेल तर मुदतीचं हे सगळं तुम्हाला लागूच नाही.

जुळत काय नाही, तेही दोघांचं निराळं आहे. क्लोनॅझेपामचं वैर गुंगी आणणाऱ्या प्रत्येक गोष्टीशी: दारू, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी जोरकस वेदनाशामकं. एकत्र घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हाताऱ्या माणसांना रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. सकाळी गाडी चालवायची असेल त्याने आदल्या रात्रीच्या गोळीचा विचार करावा. एस्सिटॅलोप्रामसोबत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन रोज घेतली तर रक्तस्रावाचा, विशेषतः पोटातल्या, धोका वाढतो. गुडघेदुखीसाठी परस्पर गोळ्या नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ट्रॅमाडॉल इथेही आडवं येतं, पण दुसऱ्या कारणाने: सेरोटोनिन जास्त वाढून थरथर, ताप, घाम, गोंधळ होऊ शकतो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धांचं एस्सिटॅलोप्राममुळे रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आजी अचानक असंबद्ध बोलायला लागल्या तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, सोडियम तपासून घ्या.

लैंगिक इच्छा कमी होणं हा एस्सिटॅलोप्रामचा परिणाम बराच आढळतो आणि जवळजवळ कोणी बोलून दाखवत नाही. नुकतं लग्न झालेले तरुण याच कारणाने गुपचूप गोळी बंद करतात. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, फक्त डॉक्टरांच्या कानावर घालावं लागतं. गरोदर राहिल्यावर घाबरून दोन्हींतली कुठलीही गोळी आपल्या मनाने तोडू नये, तेही विचारूनच ठरवायचं.

एस्सिटॅलोप्रामची एक गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत.

सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी लक्ष ठेवायलाच हवं, विशेषतः रुग्ण पंचविशीच्या आतला असेल तर. या वयात नैराश्यविरोधी औषध सुरू करताना किंवा डोस बदलताना काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत २००४ पासून तसा इशारा औषधांवर छापला जातो आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला गेला. औषध टाळावं असा त्याचा अर्थ नाही, नैराश्य तसंच ठेवणं अधिक घातक असतं. अस्वस्थ येरझाऱ्या, एकदम गप्प होणं, निरवानिरवीचं बोलणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं, आणि गोळ्यांचा डबा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात ठेवावा. उलट झोप तीन तासांवर येऊनही माणूस भलत्याच उत्साहात असेल, खर्च आणि बडबड आवरत नसेल, तरी तातडीने दाखवावं. मूळ आजार द्विध्रुवी (बायपोलर), म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटून पालटून येणारा, असू शकतो आणि मग एकट्या एस्सिटॅलोप्रामने भागत नाही. डॉक्टर हाताशी नसतील तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.