छळछावणीतून सुटल्यावर जेवणानेच माणसं का दगावली?

दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांबद्दल वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: सुटका झाल्यावर कैदी अधाशासारखे जेवले आणि पोट फुटून मेले. मरणाचं कारण पोट नव्हतं. ते रक्तात होतं, आणि त्याची सुरुवात फॉस्फेट नावाच्या एका साध्या क्षारापासून होते. हुकूमशाहीवरच्या काल्पनिक कथांमध्ये फाटक उघडलं, पाव वाटले, की गोष्ट संपते. उपाशी शरीराच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचा आठवडा तिथून सुरू होतो.

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य उत्तर जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन छावणीत शिरलं. आत सुमारे ६०,००० कैदी, हजारो प्रेतं उघड्यावर, उवांमुळे पसरणाऱ्या टायफस तापाची साथ. सैनिकांनी कळवळून जवळचा शिधा वाटून टाकला, त्यात डबाबंद मांसही होतं. सुटकेनंतर आणखी १३,००० च्या आसपास माणसं मेली. टायफस, क्षय आणि हगवणीचा त्यात मोठा वाटा होता, पण चुकीच्या अन्नाचाही होता.

उपाशी शरीर पहिल्या दिवसभरातच यकृतातला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपवतं. मग चरबी जळू लागते, तिच्यापासून किटोन बनतात आणि मेंदूही बराचसा त्यांवर भागवतो. इन्सुलिन अगदी तळाला जातं. स्नायू झिजतात, आणि हृदय हाही स्नायूच असल्याने तेही लहान होतं. पेशी झिजत जातात तसं त्यांच्यातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बाहेर पडतं आणि लघवीवाटे जातं. तरीही रक्त तपासलं तर आकडे बराच काळ ठीकठाक दिसतात. गल्ल्यात सुटे पैसे खुळखुळताहेत, पण मागची तिजोरी रिकामी झाली आहे, तसं.

आता या माणसाला गोड चहा आणि पाव मिळाला. रक्तातली साखर वाढली, स्वादुपिंडाने इन्सुलिन सोडलं आणि ग्लुकोज पेशींत शिरू लागलं. पेशीत आलेल्या प्रत्येक ग्लुकोजच्या रेणूला लगेच एक फॉस्फेट चिकटवलं जातं, म्हणजे तो पुन्हा बाहेर निसटत नाही. हे पहिलं फॉस्फेट एटीपीकडून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून, येतं. काही पायऱ्यांनंतर सहा कार्बनच्या त्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, आणि पुढच्या पायरीवर प्रत्येक तुकडा एक मोकळं फॉस्फेट उचलतो. एका ग्लुकोजमागे दोन. पेशीत मोकळं फॉस्फेट शिल्लकच नसतं, म्हणून ते रक्तातून ओढलं जातं. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो, पण त्यातला ८५ टक्के हाडांत अडकलेला. पेशींबाहेरच्या द्रवात एक टक्काही नाही, आणि हाडांतला साठा तासाभरात मोकळा होत नाही. एरवी १०० मिलिलिटर रक्तद्रवात २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असणारं हे प्रमाण मग १ च्याही खाली घसरू शकतं.

इथून पुढे सगळं एकदम बिघडतं. फॉस्फेट नाही म्हणून एटीपी नाही, म्हणून श्वास ओढणारा छातीखालचा स्नायू, म्हणजे श्वासपटल, थकतं आणि आधीच झिजलेलं हृदय कमजोर पडतं. तांबड्या पेशींत बीपीजी नावाचा फॉस्फेटवाला रेणू असतो. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडावा यासाठी तो लागतो. तो घटला की रक्तात ऑक्सिजन असूनही अवयवांना मिळत नाही. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही इन्सुलिनमागे पेशींत जातात आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात. इन्सुलिनमुळे मूत्रपिंड सोडियम आणि पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सूज येते आणि फुप्फुसात पाणी साचतं. शिवाय ग्लुकोज जाळायला थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, लागतं. तेही संपलेलं असलं की लॅक्टिक आम्ल साठतं.

बेल्सनमध्ये डॉक्टरांनी जे आणलं, त्यात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं मिश्रणही होतं: दुधाची भुकटी, पीठ, साखर, मीठ आणि पाणी. पूर्व युरोपातल्या कैद्यांना ते इतकं गोड लागलं की अनेकांच्या घशाखाली उतरेना. मग आधीच पचवलेल्या प्रथिनांचं द्रावण शिरेतून देऊन पाहिलं. पोलंडमधल्या ऑशविट्झ छावणीत फिनॉल या विषारी रसायनाची सुई टोचून माणसं मारली जात होती आणि बेल्सनमधले कित्येक जण तिथूनच आले होते. सुई दिसताच ते किंचाळत. शेवटी उपयोगी पडलं ते मलईविरहित दूध, थोडं थोडं, वारंवार.

हल्ली 'सात दिवस फक्त पाण्यावर राहा, शरीरातली विषं निघून जातील' असे सल्ले फिरतात. विषं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंड रोजच करतात. एकादशीच्या उपासाला हे लागू नाही, पण पाच दिवसांहून जास्त काळ पोटात जवळपास काहीच नसेल तर धोका सुरू होतो आणि दहा दिवसांनंतर तो बराच वाढतो. असा उपास मोठा पेलाभर उसाचा रस पिऊन सोडणं म्हणजे वरची सगळी साखळी आपल्या हाताने सुरू करणं.

आज रुग्णालयात अशा प्रौढाला अन्नाआधी थायामिन देतात. अन्न दिवसाला किलोमागे १० किलोकॅलरीपासून, फारच खालावलेल्याला ५ पासून सुरू करून चार ते सात दिवसांत वाढवतात. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पुन्हा पुन्हा तपासतात आणि भरून काढतात. मुलांची गणितं वेगळी. पोषण पुनर्वसन केंद्रांत अतितीव्र कुपोषित मुलाला सुरुवातीला जे दूध देतात, त्याची जागतिक आरोग्य संघटनेची कृती अशी: गायीचं दूध ३०० मिलिलिटर, साखर १०० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, क्षारांचं मिश्रण, आणि पाणी घालून एक लिटर. १०० मिलिलिटरला ७५ किलोकॅलरी पडतात. साखर दिसायला बरीच आहे, पण ती दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, मोजक्या मापाने जाते, त्यामुळे इन्सुलिन एकदम उसळत नाही. क्षारांचं मिश्रण वगळलं तर ही कृती निरुपयोगी नव्हे, धोक्याची ठरते. लोह पहिल्या आठवड्यात देत नाहीत, कारण त्याने संसर्ग बळावतो. मूल स्वतःहून मागून पिऊ लागलं आणि सूज उतरायला लागली, की मगच १०० मिलिलिटरला १०० किलोकॅलरी देणाऱ्या दाट दुधाकडे वळतात.