चित्र नसलेली चित्रं

एसव्हीजी हा वेबवरच्या चित्रांच्या फाइलचा एक प्रकार. अशी एखादी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. चित्र कुठेच सापडत नाही. दिसतात त्या सूचना: या बिंदूवर पेन ठेव, तिथपर्यंत सरळ रेघ ओढ, इथून वळण घे, आतला भाग निळा कर. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेनं २००१ साली ही सूचनांची भाषा प्रमाणित केली. चित्र घडतं ते ॲपमध्ये, आणि आकार बदलला की नव्यानं घडतं.

त्यातलं सर्वांत देखणं गणित वळणांचं आहे. सीत्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली ते मांडलं. रेनॉ कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी त्याच वक्रांचा स्वतंत्रपणे अभ्यास करून ते प्रसिद्ध केले, म्हणून नाव बेझिए यांचं लागलं. चार बिंदू घ्या आणि ओळीनं जोडा. तीन रेघा होतील, त्यांचे तीन मध्यबिंदू काढा. ते जोडून पुन्हा मध्य काढले की दोन, आणि शेवटी एकच बिंदू उरतो. तो नेमका वक्रावर असतो आणि वक्राचे दोन तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यावर हीच क्रिया चालू ठेवायची, तुकडा डोळ्याला सरळ वाटेपर्यंत. चित्र मोठं केलं की ॲप जास्त तुकडे पाडतं. कडा गुळगुळीत राहते ती यामुळे.

खरी अडचण त्यानंतर येते. पडदा शेवटी चौकोनी पिक्सेलचा, म्हणजे बारीक ठिपक्यांचा, आणि आकाराची कड पिक्सेलच्या मधूनही जाते. पिक्सेल अर्धा झाकला असेल तर रंगही अर्धा मिसळायचा, हा सर्वमान्य उपाय. पण जिल्ह्यांचा नकाशा घ्या. शेजारच्या दोन जिल्ह्यांची सीमा एका पिक्सेलच्या मधोमध आहे. पहिला जिल्हा रंगवल्यावर तिथे पांढरी पार्श्वभूमी ५० टक्के उरते. दुसरा उरलेल्या पांढऱ्याचा अर्धाच भाग झाकतो, म्हणून २५ टक्के पांढरं तसंच राहतं. नकाशाभर फिकट शिवणी दिसतात, आणि मूळ फाइल मात्र निर्दोष असते! आकारांखाली त्याच रंगाची बारीक किनार देणं हा स्वस्त उपाय. प्रत्येक पिक्सेलमध्ये अनेक ठिकाणी रंग तपासून मग सरासरी काढणं अधिक चोख, पण त्याला वेळ आणि मेमरी जास्त लागते.

मराठी वाचकाला सर्वांत जास्त जाणवतो तो मजकुराचा प्रश्न. फाइलमध्ये ‘कि’ साठवताना आधी क येतो, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरं आणि रफार यांचेही असेच नियम आहेत. ते जुळवण्याचं काम हार्फबझसारखं सॉफ्टवेअर करतं. ब्राउझरमध्ये अशी सोय असते, पण एसव्हीजी रेखाटणाऱ्या काही छोट्या लायब्रऱ्या, म्हणजे ॲपमध्ये वापरायचे तयार कोड, मजकूर चक्क गाळतात. मग डिझायनर मजकूर न ठेवता अक्षरांचे नुसते रेघा-वळणांचे आकार करून टाकतात. चित्र सुंदर दिसतं, पण त्यातला शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीनांसाठीच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. ही तडजोड मला मान्य नाही, कारण हार्फबझ मुक्त स्रोत आहे आणि कुणालाही वापरता येतं. ॲपसाठी लायब्ररी निवडण्याआधी तिच्यात ‘किर्र’, ‘दऱ्या’, ‘लक्ष्मी’ हे तीन शब्द टाकून पाहावेत.