परग्रहावरची मींड

आमच्या आत्याने चाळीसेक वर्षं गाणं शिकवलं. इंग्रजी विज्ञानपट मात्र एकही पाहिला नाही. गेल्या दिवाळीत ती राहायला आली होती, तेव्हा मी मुद्दाम तिच्यासमोर ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’चं सुरुवातीचं संगीत लावलं. वॉशिंग्टनमध्ये उडती तबकडी उतरते, तो 1951 सालचा चित्रपट. हे संगीत लिहिलंच आहे ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणून, आणि मला आत्याच्या अंगावर तो काटा बघायचा होता. ती मेथी निवडत बसली होती. दोनेक मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “मींड बरी घेतोय. पण सूर ठरत नाहीये रे त्याचा. रियाज कमी पडला.”

तेव्हापासून विज्ञानपटांचं माझं आवडतं संगीत मी तिच्या कानांनी पुन्हा ऐकतोय. ‘हे इथलं नव्हे’ असं कानाला वाटायला आवाजात नेमकं काय असावं लागतं?

आत्याने ज्याची मींड (एका सुरातून दुसऱ्यात न तुटता घसरत जाणं) ओळखली, ते वाद्य म्हणजे थेरेमिन. त्याला तार नाही, कातडं नाही, पट्ट्या नाहीत. एक पेटी, तिच्यातून वर आलेली एक उभी दांडी आणि बाजूला एक आडवी कडी. वाजवणारा कशालाही हात लावत नाही. उजवा हात दांडीजवळ नेला की सूर चढतो, डावा हात कडीजवळ नेला की आवाज बारीक होतो.

ज्यांनी मध्यम लहरींवर रात्री ‘मुंबई ब’ शोधत ट्रान्झिस्टरची चकती फिरवली आहे, त्यांनी थेरेमिनचा मामेभाऊ ऐकलेला आहे. स्टेशन लागता लागता एक शिट्टी यायची, आणि रेडिओजवळ हात नेला की ती शिट्टी वर-खाली व्हायची. आम्ही भावंडं त्यावर ‘सा रे ग म’ काढायचा प्रयत्न करायचो आणि बातम्या ऐकायला बसलेल्या आजोबांच्या शिव्या खायचो. त्या शिट्टीमागचं गणित वजाबाकीचं आहे. थेरेमिनमध्ये दोन विद्युतमंडलं असतात. समजा, एक सेकंदाला 1,70,000 वेळा कंप पावतंय. ही कंपनं कानाला ऐकू येत नाहीत. आपली हद्द 20,000च्या आसपास संपते. दुसरंही तेवढ्याच वेगाने चाललेलं असतं, पण त्याला ती दांडी जोडलेली असते. माणसाचं शरीर विजेच्या दृष्टीने जमिनीला जोडलेल्या पत्र्यासारखं वागतं, त्यामुळे हात जवळ गेला की दांडीची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढते. किती? एका पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. तेवढ्याने दुसऱ्या मंडलाची कंपनं 1,69,560 वर आली, तर दोघांचं मिश्रण करून त्यांतला फरक स्पीकरला देता येतो: 440. हा मात्र छान ऐकू येणारा सूर आहे.

हे जमवणारा लेव्ह थेरेमिन पेत्रोग्रादच्या प्रयोगशाळेत वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं उपकरण करत होता. साल 1920च्या आसपासचं. गडी चेलो शिकलेला असल्यामुळे उपकरणाची शिट्टी हाताबरोबर बदलते म्हटल्यावर त्याने मोजमाप बाजूला ठेवून धुनच वाजवली. 1922 मध्ये त्याने हे वाद्य लेनिनला दाखवलं, पुढे अमेरिका गाजवली, 1938 मध्ये मायदेशी परतला आणि तिथे कैदेत पडला. कैदेत असताना त्याने केलेलं एक ऐकण्याचं यंत्र लाकडी मानचिन्हात लपवून 1945 मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला भेट दिलं गेलं. त्यात बॅटरीच नव्हती. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की ते जागं व्हायचं. 1952 पर्यंत ते राजदूताच्या भिंतीवर टांगलेलं होतं. म्हणजे 1951 मध्ये हॉलिवूडची तबकडी थेरेमिनच्या आवाजात बोलत होती, त्याच वेळी थेरेमिनचं दुसरं यंत्र अमेरिकेचं बोलणं ऐकत होतं. कादंबरीत लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

संगीतकार बर्नार्ड हरमन याने या चित्रपटात दोन थेरेमिन घेतली आणि व्हायोलिनांचा नेहमीचा ताफा काढून विजेवरचं व्हायोलिन, चेलो, बास आणि पितळी वाद्यं ठेवली. एक थेरेमिन वाजवणारा सॅम्युएल हॉफमन व्यवसायाने पायांच्या विकारांचा डॉक्टर होता. आत्याचं ‘रियाज कमी पडला’ हे मी त्याच्यावर ढकलणार नाही, हॉफमन त्या काळातला नावाजलेला वादक होता. दोष वाद्याचा. हवेत सूर कुठे आहे हे बोटाला सांगणारी एकही खूण नाही, आणि मधूनच मांडीजवळ माशी बसली म्हणून हललात तरी सूर हलतो.

पण मग काटा कशाचा? मला वाटतं, दोन गोष्टींचा. एक म्हणजे या सुराला सुरुवात नाही. तार छेडली की आधी टण्णकन आघात येतो, गळ्यातून सूर निघताना श्वास लागतो, गजाची खरखर असते. वाद्य ओळखायला कान त्या पहिल्या क्षणावर फार विसंबून असतो. ध्वनिमुद्रणातला तेवढा तुकडा कापला तर भल्याभल्यांची गडबड होते. थेरेमिनचा सूर कुठल्याच शरीरातून निघत नाही, तो नुसता असतो. दुसरी गोष्ट घसरण. पियानोच्या पायऱ्यांवर वाढलेल्या कानाला एका सुरातून दुसऱ्यात वाहत जाणारा आवाज भुतासारखा वाटतो. सारंगीवर वाढलेल्या कानाला तो मींड वाटतो. आत्या पहिल्या गोष्टीला दचकली नाही, कारण दुसरीने तिला घरचं माणूस भेटलं.

म्हणून तिला मी पुढचा डोस दिला: ‘फॉरबिडन प्लॅनेट’, 1956. यात थेरेमिन आहे असं पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. नाही. लुई आणि बेबे बॅरन हे न्यूयॉर्कचं जोडपं, आणि त्यांच्या घरगुती स्टुडिओत जोडलेली विद्युतमंडलं. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरच्या सायबरनेटिक्सवरच्या पुस्तकाने दोघं झपाटली होती. प्राणी आणि यंत्रं दोन्ही फीडबॅकवर चालतात, हा त्यातला विचार. फीडबॅक आपल्याला गणपतीच्या मंडपातून माहीत आहे. माइक चुकून स्पीकरसमोर आला की स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, आणि सगळी गल्ली कानांवर हात ठेवते. बॅरन दांपत्याने ही किंचाळी पाळली. व्हॉल्व्हच्या मंडलांना झेपेल त्याहून जास्त वीज द्यायची. ती चिवचिवतात, फुत्कारतात, बरळतात आणि शेवटी जळून जातात. तेवढ्या वेळात टेप चालू. जळालेलं मंडल पुन्हा तसं बोलत नसे, त्यामुळे प्रत्येक आवाज एकदाच मिळायचा. मग तासन्‌तासांची टेप ऐकून बेबे त्यातला कामाचा भाग निवडायची, टेप सावकाश चालवून, उलटी करून, एकावर एक चढवून.

संपूर्ण चित्रपटाला केवळ इलेक्ट्रॉनिक संगीत देण्याची ही पहिलीच वेळ. वादकांच्या संघटनेचा अडसर नको म्हणून श्रेयनामावलीत ‘संगीत’ हा शब्द टाळून ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असं लिहिलं गेलं. आत्यानेही तोच निकाल दिला. “हे गाणं नाही. पण कोणीतरी मरतंय ना त्यात?” मी तिला जळणाऱ्या मंडलांबद्दल तोपर्यंत काहीच सांगितलं नव्हतं.

मॉस्कोत याच सुमारास दुसराच खटाटोप चालला होता. येव्हगेनी मुर्झिन या अभियंत्याने ‘एएनएस’ नावाचं यंत्र बांधलं (संगीतकार अलेक्सांद्र निकोलायेविच स्क्र्याबिनची ही आद्याक्षरं). काळ्या मलमाने माखलेली काच घ्यायची, तिच्यावर ओरखडे काढायचे. ओरखड्यातून प्रकाश आत गेला की तो भाग सुरात बदलतो. काचेवर उंच जाल तसा सूर चढतो, आडवं सरकाल तसा काळ पुढे जातो. डोंगराची रेघ ओढा, डोंगर ऐकू येईल. यात एका सप्तकाचे 72 भाग आहेत आणि अशी दहा सप्तकं, एकूण 720 सूर. आपण बावीस श्रुतींवरून शतकानुशतकं भांडतोय! संगीतकार एदुआर्द आर्तेम्येवने ‘सोलारिस’ या चित्रपटासाठी 1972 मध्ये हे यंत्र वापरलं. सोलारिस या ग्रहावरचा विचार करणारा समुद्र एएनएसमधून बोलतो आणि पृथ्वी जर्मन संगीतकार बाखच्या ऑर्गनवरच्या एका छोट्या रचनेतून. माझ्या यादीत हा चित्रपट सगळ्यात वर आहे. यात परकेपणा ओरडून सांगितलेला नाही. तो पाण्यासारखा पायाशी येतो, आणि मग बाख लागला की घर आठवून गलबलतं.

‘2001: अ स्पेस ओडिसी’ची गंमत उलटी. 1968 सालच्या या चित्रपटासाठी अ‍ॅलेक्स नॉर्थने संगीत लिहिलं, ध्वनिमुद्रितही केलं. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने ते वापरलंच नाही, आणि नॉर्थ बिचाऱ्याला हे चित्रपट बघायला बसल्यावर कळलं. त्याऐवजी आलं रिचर्ड श्ट्राऊसचं 1896 सालचं संगीत. आधी सेकंदाला जेमतेम 33 कंपनांचा खर्ज, कानापेक्षा छातीला जाणवणारा. त्यावर तुताऱ्या तीन सूर लावतात. आत्याने ते लगेच म्हणून दाखवले: सा, प, वरचा सा. कंपनांचं गुणोत्तर 2:3:4. पोकळ नळीत नुसती फुंकर मारली तरी निसर्ग जे सूर देतो, त्यांतलेच हे. आणि मग सगळा वाद्यवृंद एकदम शुद्ध गंधारावर येतो आणि तिथल्या तिथे कोमल गंधारावर कोसळतो. दुसऱ्या खेपेला कोमलावरून शुद्धावर. अंतराळयुगाचं म्हणून जगाने डोक्यावर घेतलेलं हे संगीत तंबोऱ्याच्या तारांवर उभं आहे.

त्याच चित्रपटात एक गूढ काळा शिलास्तंभ दिसतो तेव्हा मात्र लिगेती या हंगेरियन संगीतकाराचा गायकवृंद ऐकू येतो. कितीतरी गळे, प्रत्येकाचा सूर शेजाऱ्याच्या सुराला खेटून. तंबोरा जुळवताना दोन तारांत किंचित फरक असेल तर आवाजात लाटा येतात. एक तार 240 आणि दुसरी 243 असेल तर सेकंदाला तीन लाटा. खुंटी पिळत गेलं की लाटा मंदावतात आणि विरून जातात, तार जुळली. लिगेती खुंटी पिळतच नाही. शेकडो लाटा एकमेकींवर आदळत राहतात आणि कान त्या सुटायची वाट बघत बसतो. इथे आत्याने मेथीची जुडी खाली ठेवली. “बंद कर,” म्हणाली. “कोणीतरी जुळवा रे ते.”

काटा आला होता. थेरेमिनने नाही, जळक्या मंडलांनी नाही, माणसांच्या गळ्यांनी.

अलीकडच्यांपैकी ‘इंटरस्टेलार’चं (2014) नाव घेतलं नाही तर माझा भाचा मला घरात घेणार नाही. संगीतकार हान्स झिमरने लंडनच्या टेम्पल चर्चमधला 1920च्या दशकातला ऑर्गन वापरला. हवेवर चालणारं वाद्य असल्यामुळे तो श्वास घेतल्यासारखा ऐकू येतो, आणि निर्वातातल्या माणसांना याहून योग्य सोबत कुठली? त्या चित्रपटात एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तिथल्या संगीतात घड्याळासारखी टिकटिक आहे, सव्वा सेकंदाला एक, आणि प्रत्येक टिक म्हणजे पृथ्वीवरचा एक दिवस, असं समाजमाध्यमांवर फिरत असतं. कागद घेऊन बसलो. सात वर्षांचे दिवस होतात 2,557, तासाचे सेकंद 3,600. म्हणजे टिक पडायला हवी 1.41 सेकंदाला. सव्वा सेकंदाने जवळजवळ आठ वर्षं उलटतात. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

राहता राहिला ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. 1977 साल. त्याच वर्षी जॉन विल्यम्सने ‘स्टार वॉर्स’साठी भरगच्च वाद्यवृंद वाजवून विज्ञानपटांना पुन्हा रणशिंगांकडे नेलं, पण मला त्याचं हे दुसरं काम जास्त प्रिय आहे. इथे परग्रहवासीयांशी बोलायचं आहे ते पाच सुरांत. बारा सुरांमधून पाच सुरांचे क्रम मांडायचे तर 2,48,832 प्रकारे मांडता येतात, सप्तकं न मोजता. विल्यम्सने त्यांतले काहीशे लिहून काढले आणि दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्गबरोबर बसून एक निवडला. आपल्या भाषेत: रे, ग, सा, मंद्र (खालच्या सप्तकातला) सा, मंद्र प.

चित्रपटात ही धून हजारो माणसं उत्तर भारतात गातात. ती कुठून ऐकलीत असं विचारल्यावर सगळ्यांची बोटं एकदम आकाशाकडे जातात. हे दृश्य पडद्यावर धरमशालेचं म्हणून दाखवलंय, पण चित्रित झालं खालापूरजवळच्या हाळ गावात. द्रुतगती मार्गावर टोलनाक्याशी वडापाव खाताना माझी नजर दर खेपेला वर जाते.

आत्याला यातलं काही सांगितलं नाही. पेटी काढली, पांढरी एक सा धरला आणि ते पाच सूर वाजवून थांबलो. ती स्वयंपाकघरात फोडणी करत होती. कढईत मोहरी तडतडली, क्षणभर काही आवाज आला नाही, आणि मग आतून मंद्र पंचमावरून अलगद वर येत तिने सा लावला.