राजदरबारातून नाताळच्या डब्यात: गमतीच्या गॅजेटचा प्रवास

नोव्हेंबर संपत आला की भेटवस्तूंच्या याद्या झळकू लागतात आणि प्रत्येक यादीत एक कोपरा ठरलेला असतो. गजर होताच टेबलावरून उडी मारून पळणारं घड्याळ, टाळी वाजवली की विझणारा दिवा, कुणी जवळून गेलं की भिंतीवरून मान वळवून गाऊ लागणारा रबरी मासा. यातल्या एकाही वस्तूवाचून कुणाचं अडत नाही. स्वतःच्या पैशांनी, स्वतःसाठी त्या घेणारेही थोडेच. तरी नाताळच्या सुमारास त्यांचा खप भरमसाट होतो, कारण त्या वापरणाऱ्यासाठी नव्हे, तर देणाऱ्यासाठी बनलेल्या असतात. डबा उघडल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्याचे पैसे देणारा मोजत असतो. या व्यवहाराची मुळं नाताळच्या बाजाराच्या बरीच मागे, राजदरबारापर्यंत जातात.

अठराव्या शतकात लंडनमध्ये जेम्स कॉक्स नावाचा जवाहिऱ्या होता. घड्याळ, दागिना आणि हलती बाहुली यांचा मेळ घातलेली यंत्रं तो बनवून घेई आणि त्यातली बरीचशी चीनकडे रवाना होत. कँटनच्या बंदरात व्यापार करायचा तर अधिकाऱ्यांना नजराणे द्यावे लागत, आणि सोन्याचांदीची रेलचेल असलेल्या दरबाराला नुसत्या सोन्याचं अप्रूप नव्हतं. मान हलवणारा पक्षी, आपोआप वाजणारी धून, उमलणारं फूल यांचं होतं. कॉक्सच्या संग्रहालयात १७७३ मध्ये मांडलेला चांदीचा हंस आजही इंग्लंडमधल्या बोज म्युझियममध्ये आहे. चावी दिली की काचेच्या पिळदार कांड्या फिरू लागतात, त्यामुळे पाणी वाहत असल्याचा भास होतो. हंस डावीकडे-उजवीकडे पाहतो, पिसं साफ करतो, मग मान खाली घालून एक चिमुकला मासा चोचीत धरतो. सगळा खेळ मिनिटभराच्या आत आटोपतो. याला उपयोग विचारला तर एकच: पाहणारा थक्क व्हावा. पण भेट म्हणून तेवढंच काम होतं.

त्याच काळात जपानमध्ये कळसूत्री बाहुल्यांची कला बहरली होती. तिथली चहा देणारी बाहुली या साऱ्या इतिहासातली माझी सर्वांत लाडकी वस्तू आहे, आणि ती का, हे जरा जवळून पाहिलं की कळतं. यजमान चावी देऊन बाहुलीच्या हातातल्या तबकावर पेला ठेवतो. पेल्याच्या वजनाने हात किंचित खाली जातो, आतली अडकवण सुटते आणि बाहुली पाहुण्याकडे चालू लागते. पाहुण्याने पेला उचलला की हात वर येतो आणि बाहुली जागच्या जागी थांबते. तो चहा पीत असेपर्यंत ती उभी राहते. रिकामा पेला परत ठेवला की वळते आणि यजमानाकडे निघते. आत लाकडी दातेरी चाकं आणि देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांची स्प्रिंग. १७९६ मध्ये होसोकावा हान्झो याने अशा बाहुल्यांच्या जोडणीच्या आकृत्या छापून प्रसिद्ध केल्या. पुढे तानाका हिसाशिगे या कारागिराने तरुणपणी अशाच कळसूत्री खेळांवर नाव कमावलं. त्याने काढलेल्या कारखान्यातून कालांतराने तोशिबा ही कंपनी उभी राहिली. गंमत म्हणून केलेल्या यंत्रात किती गंभीर कारागिरी मुरलेली असते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

राजेरजवाड्यांची ही हौस सामान्य घरांत उतरली ती एकोणिसाव्या शतकात. कारखान्यांतून पत्र्याची, चावीची खेळणी स्वस्तात निघू लागली, आणि त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत नाताळ हा घरात बसून एकमेकांना भेटी देण्याचा सण बनत गेला. तारीख ठरलेली, देणं जवळपास सक्तीचं, आणि समोरच्याला काय हवं ते ठाऊक नाही. किरकोळ, चमकदार, निरुपयोगी वस्तूंना याहून सुपीक जमीन कुठली मिळणार?

त्याचा वैताग इतका साचला की १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'निरुपयोगी भेटी रोखणारी संस्था' स्थापन झाली. एलेनॉर बेलमाँट आणि अ‍ॅन मॉर्गन या तिच्या पुढारी. मूळ तक्रार अगदी खरी होती. दुकानांत काम करणाऱ्या मुलींना तुटपुंज्या पगारातून वरिष्ठांच्या नाताळ भेटीसाठी वर्गणी द्यावी लागे, आणि नकार देण्याची सोय नसे. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही या संस्थेत दाखल झाले. चळवळ काही वर्षांत विरली, पण देणाऱ्याची अडचण तशीच राहिली, आणि ती ओळखणारे विक्रेते पुढे सरसावले.

त्यात अमेरिकेतली जॉन्सन स्मिथ अँड कंपनी आघाडीवर होती. १९१४ पासून तिचे जाडजूड कॅटलॉग टपालाने घरोघर जाऊ लागले: जादूचे खेळ, कोडी, फसवे फटाके, खोड्या काढायच्या वस्तू. या मालाचा मोठा निर्माता म्हणजे डेन्मार्कमध्ये जन्मलेला सोरेन सोरेन्सन अ‍ॅडम्स. शिंका आणणाऱ्या पुडीपासून त्याने सुरुवात केली आणि १९२८ मध्ये हातात लपवायचा 'जॉय बझर' काढला. हस्तांदोलन करताच समोरच्याला विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आत वीज नसतेच. चावी देऊन ताणलेली स्प्रिंग कळ दाबली जाताच सुटते आणि तळहाताशी थरथरते. बसलं की अश्लाघ्य आवाज करणारी रबरी उशी टोरांटोच्या एका रबर कंपनीने याच अ‍ॅडम्सला देऊ केली होती. ती फार असभ्य वाटल्याने त्याने नाकारली. जॉन्सन स्मिथने ती विकायला घेतली आणि ती तुफान चालली.

दुसरं महायुद्ध संपल्यावर चित्र पालटलं. आता गमतीच्या वस्तू खोडकर कारागिरांकडून नव्हे, तर इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांकडून येऊ लागल्या. जहाजावरची नाजूक उपकरणं हेलकाव्यांत स्थिर कशी ठेवावीत यावर काम करताना रिचर्ड जेम्स या इंजिनिअरच्या हातून एक स्प्रिंग पडली आणि पावलं टाकल्यासारखी उतरत गेली. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या गिंबल्स दुकानात त्या स्प्रिंगचं प्रात्यक्षिक झालं. आणलेले ४०० नग दीड तासात संपले. 'स्लिंकी' हे नाव त्याची पत्नी बेटी हिने दिलेलं.

पाणी पिणारा काचेचा पक्षीही याच दिवसांतला. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या माइल्स सलिव्हन यांना १९४६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. वर-खाली दोन काचेचे फुगे, मध्ये नळी, आत मिथिलिन क्लोराइड नावाचा अगदी कमी उष्णतेत वाफ होणारा द्रव. डोक्यावर लोकरी कापड. ते ओलं केलं की पाण्याचं बाष्पीभवन होऊन डोकं थंड पडतं, तिथली वाफ निवते, दाब कमी होतो आणि द्रव नळीतून वर चढतो. डोकं जड झालं की पक्षी झुकतो आणि चोच पेल्यात बुडते. झुकलेल्या अवस्थेत नळीचं खालचं टोक द्रवाबाहेर येतं, दोन्हीकडचा दाब सारखा होतो, द्रव खाली ओघळतो आणि पक्षी पुन्हा ताठ. पेल्यात पाणी असेपर्यंत हे चालू राहतं. हे उष्णतेवर चालणारं खरंखुरं इंजिन आहे, आणि ते टेबलावर टोपी घालून उभं असतं. ज्या भेटीत असं काही खरं दडलेलं असतं ती कपाटाच्या तळाशी जात नाही, असं मला ठामपणे वाटतं. (काच फुटली तर मात्र तो द्रव विषारी आहे, खोली हवेशीर करायला हवी.)

त्याच बेल लॅब्जमध्ये १९५२ मध्ये मार्विन मिन्स्की यांनी एका पेटीची कल्पना मांडली आणि क्लॉड शॅनन यांनी ती बनवली. पेटीवर एकच बटण. ते चालू केलं की झाकण उघडतं, आतून एक हात बाहेर येतो, बटण बंद करतो आणि परत आत जातो. बस. माहिती सिद्धांताचा पाया घालणारे शॅनन ही पेटी हौसेने बाळगत होते. आज तिचे जोडणीचे संच भेट म्हणून मिळतात, आणि विज्ञानाची आवड असलेल्या मुलासाठी यासारखी भेट दुर्मीळ.

याच पिढीतली आणखी दोन नावं. एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांचा लाव्हा लॅम्प १९६३ चा. एका पबमध्ये पाहिलेल्या द्रव भरलेल्या अंडी-घड्याळावरून तो सुचला. खालचा दिवा मेणाला तापवतो, मेण पाण्याहून हलकं होऊन वर जातं, थंड होऊन खाली येतं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीने अशा दिव्यांची भिंतच उभारली आहे. मेणाच्या गोळ्यांची हालचाल कुणालाच आधी सांगता येत नाही, म्हणून तिच्या छायाचित्रांतून इंटरनेटच्या सुरक्षेसाठी लागणारे यादृच्छिक आकडे काढले जातात. दुसरं म्हणजे आदळणाऱ्या पाच गोळ्यांचा न्यूटनचा पाळणा. तो १९६७ मध्ये सायमन प्रेबल या इंग्लिश अभिनेत्याने विक्रीला आणला. त्यामागचा प्रयोग सतराव्या शतकातला, एडम मारियोत यांचा.

श्रीमंतांच्या कॅटलॉगमध्ये याच काळात वेगळंच चाललं होतं. नीमन मार्कस या दुकानाने १९६९ मध्ये हनीवेल कंपनीचा 'किचन कॉम्प्युटर' दहा हजार डॉलरहून अधिक किमतीला मांडला. पाककृती साठवणारं यंत्र, सोबत भाजी चिरायचा पाट, आणि माहिती भरायला बटणांच्या रांगा. तीही शून्य आणि एकच्या भाषेत! ते शिकायला दोन आठवड्यांचा वर्ग होता. एकही विकला गेल्याची नोंद नाही.

१९७५ मध्ये तर यंत्रच गळून पडलं. कॅलिफोर्नियातल्या गॅरी डाल या जाहिरातवाल्याने हवेसाठी भोकं पाडलेल्या डब्यात, गवताच्या बिछान्यावर एक गुळगुळीत गोटा ठेवला आणि 'पाळीव दगड' म्हणून चार डॉलरला विकला. सोबत त्याला शिकवायची पुस्तिका. त्या नाताळात दहा लाखांहून अधिक दगड खपले आणि फेब्रुवारीत मागणी बसली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तसंच झालं. मला डाल यांच्या कल्पकतेचं कौतुक आहे, पण त्या यशाने विक्रेत्यांना शिकवलं ते फारसं चांगलं नव्हतं: वस्तू दुय्यम, डबा मुख्य.

चिप स्वस्त झाल्यावर हा बाजार बोलू लागला. १९८० च्या दशकात टाळीवर चालणारा 'क्लॅपर' टीव्हीवरच्या जाहिरातींतून घरोघर पोहोचला. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या बांदाई कंपनीने तामागोची आणली. चावीच्या गुच्छाला अडकवायच्या खेळण्यातल्या पडद्यावरचं हे पिल्लू वेळेवर न भरवल्यास मरून जाई. पुढच्याच वर्षी तिच्या जनकांना, माइता आकी आणि योकोई आकिहिरो यांना, अर्थशास्त्राचा इग्नोबेल, म्हणजे नोबेलची नक्कल करणारा गमतीचा पुरस्कार, मिळाला: लाखो माणसांचे कामाचे तास आभासी प्राण्यांच्या संगोपनाकडे वळवल्याबद्दल. १९९८ च्या फर्बी या केसाळ, बोलक्या बाहुलीची तर अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने धास्ती घेतली. ती ऐकलेलं बोलून दाखवेल या भीतीने तिला आवारात बंदी झाली. फर्बीत आवाज साठवण्याची सोयच नव्हती. शब्द आधीच भरलेले होते आणि ते ठराविक काळाने उलगडत.

या साऱ्या गदारोळाला सर्वांत सुंदर उत्तर दिलं ते जपानच्या केन्जी कावाकामी यांनी. त्यांच्या 'चिंदोगू' वस्तू खरोखर बनवलेल्या असाव्या लागतात, एखादी खरी अडचण सोडवणाऱ्या असाव्या लागतात, पण वापरायला गेलं तर त्यातून नवीन अडचण उभी राहावी. आणि त्या विकायच्या नाहीत, हा नियम. गरम शेवया निववायला चॉपस्टिकला लावलेला पंखा, रांगणाऱ्या बाळाच्या कपड्यांना शिवलेला पोछा. मात्र १९९५ च्या त्यांच्या पुस्तकात काठीच्या टोकाला कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढायची वस्तूही होती, आणि ती पुढे जगभर विकली गेली.

२००० नंतर यूएसबीचं तोंड दिसेल तिथे काहीतरी जोडण्याची लाट आली. त्यातल्या कप गरम ठेवणाऱ्या तबकड्या निराशा करतात याचं कारण साधं आहे: मूळ यूएसबीतून ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. तेवढ्यात चहा कोमट राहिला तरी पुष्कळ. पळणारं घड्याळ 'क्लॉकी' मात्र याच काळातलं आणि अस्सल. एमआयटीत शिकणाऱ्या गौरी नंदा यांनी ते बनवलं. गजर पुढे ढकलला की ते टेबलावरून उतरतं, खोलीत कुठेतरी दडतं आणि पुन्हा वाजतं. २००५ चा अर्थशास्त्राचा इग्नोबेल त्यालाच मिळाला.

दुकानं मात्र एकेक करून मिटली: शार्पर इमेज २००८ मध्ये दिवाळखोरीत, विमानातल्या सीटच्या खिशात असणारा स्कायमॉल हा कॅटलॉग २०१५ मध्ये, आणि २०१९ मध्ये शंभरी ओलांडलेली जॉन्सन स्मिथही. हा माल आता थेट ऑनलाइन येतो आणि तपासणीची चाळणी सैल झाली आहे. २०१५ च्या नाताळात गाजलेल्या दोन चाकी होव्हरबोर्डच्या बॅटऱ्या पेटू लागल्या आणि २०१६ मध्ये अमेरिकेत पाच लाखांहून अधिक परत मागवावे लागले. २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे.

सर्वांत गंभीर गोष्ट सर्वांत लहान आहे. गाणाऱ्या, लुकलुकणाऱ्या बहुतेक स्वस्त वस्तूंत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकतं. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून अशा बॅटरीचा कप्पा लहान मुलांना उघडता येऊ नये अशी सक्ती केली. भेट घेताना डबा उलटा करून तो कप्पा स्क्रूने बंद होतो का, हे आधी पाहावं. होत नसेल आणि घरात लहान मूल असेल, तर ती वस्तू कितीही गमतीची असली तरी जागच्या जागी ठेवून द्यावी.