‘फेव्हर’ या इंग्रजी शब्दाआधी कोणते विशेषण लावावे?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील फौंड्रीवाले, चप्पल लाइनमधील व्यापारी आणि मार्केट यार्डातील गुळाचे अडते आपली इंग्रजी पत्रे तपासून घेण्यासाठी आमच्या छोट्या पत्रलेखन व भाषांतर कार्यालयात येतात. त्या पत्रांत ‘फेव्हर’ हा शब्द वारंवार येतो आणि त्याच्या आधीचे विशेषण चुकल्यामुळे सरळ मनाने केलेली विनंतीसुद्धा भलतीच वाटू लागते, म्हणून हे माहितीपत्रक आम्ही आपल्या हाती देत आहोत.

मराठीत ज्यासाठी उपकार, मर्जी आणि पक्षपात असे तीन वेगळे शब्द आहेत, ते सारे इंग्रजीत ‘फेव्हर’ या एकाच शब्दात मावते. वाचणाऱ्याने त्यातला कोणता अर्थ घ्यायचा, हे बहुतेक वेळा विशेषणावरूनच ठरते.

उपकाराच्या अर्थी बिग, ह्यूज, ग्रेट, स्मॉल आणि लिटल ही आकाराची विशेषणे चालतात. अशा वेळी फेव्हर मोजता येतो, म्हणून एकवचनात त्याच्याआधी ‘अ’ हे उपपद हवेच. शिवाय फेव्हर ‘गिव्ह’ करण्याची विनंती करत नाहीत, ‘डू’ करण्याची करतात. गेल्या पावसाळ्यात एका चप्पल व्यापाऱ्यांनी परदेशी ग्राहकासाठी लिहिलेला मसुदा आमच्याकडे आणला होता. ओलसर हवेत कातडे लवकर वाळत नसल्याने त्यांना माल पाठवण्यासाठी बारा दिवस वाढवून हवे होते आणि त्यांनी लिहिले होते, ‘प्लीज गिव्ह अस हेवी फेव्हर’. ‘भारी उपकार’ डोक्यात ठेवून लिहिलेले हे वाक्य इंग्रजी वाचकाला अडखळवते, कारण फेव्हरला वजनाचे विशेषण सहसा लागत नाही. ‘मोलाचे उपकार’ म्हणून लिहिलेला ‘व्हॅल्युएबल फेव्हर’ही तसाच परका वाटतो. आम्ही ते वाक्य ‘मे वुई आस्क अ स्मॉल फेव्हर ऑफ यू?’ असे केले आणि लगेच पुढच्या ओळीत विलंबाचे कारण व माल निघण्याची नवी तारीख घातली.

बारा दिवसांची सवलत लहान कशी, असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. मागताना आपण मराठीतही ‘एक छोटेसे काम होते’ असेच म्हणतो, आणि काम झाल्यावर ‘फार मोठे उपकार झाले’ म्हणून आभार मानतो. इंग्रजीतली रीतही हीच आहे. पत्रात मागणी करताना ‘स्मॉल’ लिहावे आणि आभाराच्या पत्रात ‘यू हॅव डन अस अ ग्रेट फेव्हर’ असे मोकळ्या मनाने लिहावे, असा आमचा आग्रह आहे. ‘बिग’ आणि ‘ह्यूज’ ही विशेषणे मित्रांमधल्या बोलण्यात शोभतात. पहिल्यांदाच लिहिलेल्या व्यापारी पत्रात ती समोरच्यावर ओझे टाकतात.

रॉयल, डिव्हाइन, पब्लिक ही विशेषणे आली की अर्थ मर्जी, कृपा किंवा लोकांची पसंती असा होतो, आणि तिथे सहसा ‘अ’ लागत नाही की अनेकवचनही होत नाही. मर्जीतून उतरणे म्हणजे ‘फॉल आउट ऑफ फेव्हर’. लग्नपत्रिकेत अंबाबाईच्या कृपेसाठी ‘डिव्हाइन फेव्हर’ लिहिले तर ते चूक नाही, पण ‘ग्रेस’ किंवा ‘ब्लेसिंग्ज’ अधिक रुळलेले आहेत.

सर्वांत जास्त जपायचे ते पुढच्या विशेषणांना. अनड्यू (म्हणजे अनुचित) आणि पोलिटिकल यांच्यासोबत फेव्हरचा अर्थ पक्षपात किंवा वशिला असाच घेतला जातो. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतील मंत्र्यांच्या व न्यायाधीशांच्या शपथेत ‘विदाउट फिअर ऑर फेव्हर’ असे शब्द आहेत आणि तिथेही फेव्हर म्हणजे पक्षपातच. म्हणून सरकारी कार्यालयाला लिहिताना ‘स्पेशल फेव्हर’ किंवा ‘पर्सनल फेव्हर’ मागू नये, कारण आपले काम नियमात बसत असले तरी त्या शब्दांमुळे ते नियमाबाहेरचे भासते. तिथे ‘रिक्वेस्ट’ पुरेसे आहे. महिला कर्मचाऱ्याला पाठवायच्या संदेशात तर हे दोन्ही शब्दप्रयोग कटाक्षाने टाळावेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ‘सेक्शुअल फेव्हर्स’ची मागणी किंवा विनंती हा छळाचाच एक प्रकार सांगितला आहे, आणि केवळ शब्दाच्या निष्काळजीपणामुळे कोणा स्त्रीच्या मनात भीती निर्माण होऊ नये असे आम्हाला मनापासून वाटते.

स्पेलिंगचे थोडक्यात सांगायचे तर भारतीय व ब्रिटिश पत्रांत शेवटच्या ‘आर’ आधी ‘यू’ लिहावा आणि अमेरिकन ग्राहकासाठी तो गाळावा. काही जुन्या पेढ्यांच्या पत्रांत ‘युअर एस्टीम्ड फेव्हर’ असे आढळते. तिथे फेव्हर म्हणजे समोरच्याचे आलेले पत्र. हा प्रयोग आता मागे पडला आहे, तेव्हा जुन्या फाइलीतून तो उतरवून घेऊ नये.

पत्र तपासायला आणताना मसुदा मराठीत असला तरी चालेल. मात्र समोरची व्यक्ती किती ओळखीची आहे आणि तिने आपले काम यापूर्वी कधी केले आहे का, हे आम्हाला अवश्य सांगावे, कारण त्यावरूनच विशेषण निवडता येते.