जागतिक आरोग्य धोरणातील वसाहतवाद आणि वंशभेद

कोणत्या रोगाला अग्रक्रम द्यायचा, औषध कोणाला कधी मिळावे आणि प्रयोग कोणावर व्हावेत, हे ठरवताना वसाहतकालीन सत्तासंबंधांचा व वंशविषयक गृहीतकांचा जो प्रभाव पडत आला आहे, त्याचा अभ्यास या विषयात केला जातो.

१८५१ साली पॅरिसमध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषदेपुढे मुख्य प्रश्न होता तो व्यापार न अडवता पटकीसारख्या साथी युरोपबाहेर कशा रोखाव्यात हा. लिव्हरपूल (१८९८) व लंडन (१८९९) येथील उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थाही प्रामुख्याने वसाहतींतील गोरे अधिकारी, सैनिक आणि व्यापारी जगावेत म्हणून निघाल्या.

सिएरा लिओनमधील फ्रीटाउनचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हिवतापाचे परजीवी डासात वाढतात हे १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी दाखवल्यानंतर थोड्याच काळात ब्रिटिश संशोधकांना पश्चिम आफ्रिकेतील वरवर धडधाकट दिसणाऱ्या मुलांच्या रक्तातही ते परजीवी आढळले. यावरून मुलांवर उपचार करावेत, असा निष्कर्ष निघू शकला असता. प्रत्यक्षात निघाला तो गोऱ्यांनी त्यांच्यापासून लांब राहावे असा. १९०४ मध्ये शहराजवळच्या डोंगरावर युरोपीयांसाठी ‘हिल स्टेशन’ ही स्वतंत्र वस्ती झाली, आणि दिवसा कचेरीत उतरून रात्री डासांच्या वेळेला वर परतता यावे म्हणून रेल्वेही टाकण्यात आली. आजारी पडू शकणारे मूल सरकारी दृष्टीने रोगाचा साठा ठरले होते. (रॉस यांचा स्वतःचा भर मात्र डास नष्ट करण्यावर होता.) केपटाउनमध्ये १९०१ साली प्लेगचे निमित्त करून आफ्रिकी रहिवाशांना शहराबाहेर हलवले गेले. जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १९०६-०७ मध्ये पूर्व आफ्रिकेत निद्रारोगावर वापरलेल्या ॲटॉक्सिल या आर्सेनिकयुक्त औषधामुळे काही रुग्णांची दृष्टी गेली.

वसाहती गेल्या, तरी गृहीतके गेली नाहीत. एड्सवरील औषधांचा वार्षिक खर्च १०,००० डॉलरांच्या आसपास असताना २००१ साली सिप्ला या भारतीय कंपनीने तीच उपचारपद्धती ३५० डॉलरांत देऊ केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी, अनेक आफ्रिकी लोकांना घड्याळाची वेळ कळत नसल्याने ते गोळ्या वेळेवर घेणार नाहीत, असा युक्तिवाद केला. पुढील अभ्यासांत आफ्रिकेतील रुग्ण उत्तर अमेरिकेतील रुग्णांपेक्षा अधिक नियमितपणे औषधे घेताना आढळले. पण ज्यांना औषध मिळालेच नव्हते, त्यांच्या दृष्टीने हा पुरावा फार उशिरा आला.

वंशभेद उपकरणांतही उतरतो. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर काळ्या त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिजनची कमतरता अधिक वेळा हेरू शकत नाही, हे अमेरिकेतील एका अभ्यासाने २०२० मध्ये ठळकपणे मांडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी कोविडवरील लसी, औषधे व चाचण्या यांवरचे बौद्धिक संपदा हक्क तात्पुरते स्थगित करण्याचा प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेपुढे ठेवला. निर्णय झाला जून २०२२ मध्ये, तोही केवळ लसींपुरता.